पाणवेलींच्या कंपोस्ट खताबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आनंदवल्ली येथील गोदापात्रातून आपण गेल्या आठवड्यात काढलेल्या पाणवेली (जलपर्णी) आता पुरेशा सुकल्या असून, त्यांचा खतढीग रचण्याचे काम येत्या रविवारी सकाळी ७ वाजता संस्थेच्या मागील मोकळ्या जागेत सुरू होईल. प्रत्येक घरातून किमान एका व्यक्तीने उपस्थित राहावे.

ताज्या पाणवेलीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्यामुळे ती न सुकवता ढिगात घातली, तर हवा कोंडते आणि खताऐवजी दुर्गंधी हाती येते, याचा अनुभव आपण मागच्या खेपेस घेतलाच आहे. या वेळी पाणवेल, सुका पालापाचोळा आणि शेणकाला असे थर देऊन सुमारे ४ फूट उंचीचा ढीग रचला जाईल.

१. प्रत्येकाने एक गोणी सुका पालापाचोळा, हातमोजे व शक्य असल्यास विळा आणावा.
२. पाणवेलींत अडकलेले प्लास्टिक व निर्माल्याचे दोरे आधी वेचून काढावेत.
३. फुलोरा आलेली रोपे ढिगाच्या मध्यभागीच टाकावीत, कारण पाणवेलीचे बी अनेक वर्षे जिवंत राहते व ते मारण्यास तेथील उष्णता लागते.

पाणवेल सांडपाण्यातील जड धातू शोषून घेत असल्याने तयार खत केवळ फुलझाडे व शोभेच्या झाडांसाठीच दिले जाईल. भाजीच्या कुंड्यांसाठी कोणीही मागणी करू नये. ढीग दर आठवड्यास उलटावा लागेल. त्या पाळीसाठी शनिवारपर्यंत नावे द्यावीत.

– सचिव