घरच्या पीसीला बँकेचे नियम कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात परवा कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेवर लेख आला होता, त्यात परत तेच, दर महिन्याला पासवर्ड बदला, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह टाका. अहो, हा सल्ला कधीच शिळा झाला. 2003 मध्ये अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेसाठी हे नियम लिहिणारे बिल बर यांनीच 2017 मध्ये पश्चात्ताप होतो म्हणून सांगितलं, त्याच वर्षी निस्टनेही दिशा बदलली, सक्तीची चिन्हं नकोत, उगाच मुदत नको, लांबी बघा. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदतीची अट काढली.

आमच्या सोसायटीतले बरेच पीसी मीच बघतो, त्यामुळे जवळून माहितीये. विंडोजमधला कॉम्प्लेक्सिटीचा नियम (म्हणजे कॅपिटल, स्मॉल, आकडे, चिन्हं मिसळायची सक्ती) चालू असला की गणपती@123 (इंग्रजीत, पहिलं अक्षर कॅपिटल) आरामात पास होतो, आणि पोहे कढई रिक्षा मंगळ असं सगळं स्मॉलमध्ये लिहिलं तर नापास! मुदत संपली की 123 चं 124, आणि कीबोर्डखाली चिठ्ठी.

विंडोज प्रो असेल तर लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा, अकाउंट पॉलिसीजमध्ये पासवर्ड पॉलिसी आहे, तिथे कॉम्प्लेक्सिटी बंद करा, कमीत कमी लांबी 12 करा, आणि 42 दिवसांची मुदत मुळातच भरलेली असते तिथे शून्य टाका, म्हणजे पासवर्ड संपतच नाही. होम एडिशनमध्ये ही खिडकीच नाही, लोक उगाच शोधत बसतात, तिथे कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडून नेट अकाउंट्स (net accounts) ही कमांड वापरायची, लांबी आणि मुदत दोन्ही तिथून बदलता येतात. लांबीचा नवीन नियम जुन्या पासवर्डला लागत नाही बरं का, पुढच्या वेळी बदलाल तेव्हा लागतो. आणि हे सगळं फक्त लोकल अकाउंटला, म्हणजे त्या पीसीपुरत्याच अकाउंटला, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर याचा काही उपयोग नाही.

बँक आणि ईमेलचं वेगळं, तिथे प्रत्येकाला निराळा पासवर्ड आणि ओटीपी हवाच, त्यात तडजोड नको.

पुढच्या वेळी लेख छापाल तेव्हा या खिडक्यांचे फोटोही छापा, म्हणजे रविवारी सकाळी मला फोन येणार नाहीत.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)