शेजारच्या स्टॉलवरच्या मावशींना

मावशी,
सप्रेम नमस्कार.

समुद्रकाठच्या महोत्सवात आपण तीन दिवस शेजारी शेजारी बसलो. शेवटच्या रात्री आवराआवरीच्या गडबडीत मी सामान गाडीत चढवलं आणि तुमचा निरोप न घेताच निघाले. नाव विचारायचंही राहिलं, सगळेच तुम्हाला मावशी म्हणत होते. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्हाला ओळखणारं कुणी ते वाचून दाखवेल, अशी आशा आहे.

माझा तो पहिलाच स्टॉल. जलरंगातली चित्रं, हाताने रंगवलेली कार्डं आणि पितळी तारेचे कानातले. सकाळी वारा पडला होता, म्हणून मी स्टॉलची उघडी बाजू समुद्राकडे केली. तुम्ही मडकी मांडता मांडता म्हणालात, “पोरी, दुपारी खारे वारे सुटतील. पाठ समुद्राकडे कर.” दिवसा जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते, हे मीही शाळेत शिकले होते. टेबल मांडताना मात्र ते सुचलं नव्हतं. माझ्या खुंट्या कोरड्या वाळूत धरत नव्हत्या. तुम्ही पोत्यात वाळू भरलीत, मधोमध दोरी बांधलीत आणि ते पोतं हातभर खोल आडवं पुरलंत. तीन दिवसांत तो कोपरा हलला नाही. तडा गेलेली मडकी तुम्ही घरून मुद्दाम आणली होती. त्यांत वाळू भरून चार माझ्या टेबलाच्या पायांशी ठेवलीत. जड वस्तू विकणाऱ्या माणसाने कागद विकणाऱ्याची एवढी काळजी घ्यावी, हे मला अजूनही आठवतं.

दुसऱ्या दिवशीची दुपार मात्र सविस्तर लिहायला हवी. कार्डं पुढे हवीत म्हणून मी चित्रांचा स्टँड आडोशातून बाहेर काढला आणि एका झोतात तो आडवा झाला. अकरा चित्रं ओल्या वाळूत पडली. मी रडत रडत ती ओढणीने पुसायला लागले, तेवढ्यात तुम्ही हात धरलात. तुमच्यासमोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना तसंच थांबवून तुम्ही आला होतात. “पुसू नकोस. ओली वाळू घासलीस तर रंग खरवडून निघेल. सुकू दे, मग झटकू.” तुमच्या भांड्यांच्या फळ्यांवर आपण ती सावलीत पसरली. तासाभराने तुम्ही मातीकामाचा मऊ ब्रश दिलात आणि कण अलगद निघून आले. अकरापैकी आठ चित्रं वाचली. तुमची ती दोन गिऱ्हाइकं परत आली की नाही, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही वाळूवरची शेवाळाची रेघ दाखवलीत. आदली भरती तिथवर येऊन गेली होती. “पौर्णिमा जवळ आलीय, पाणी आणखी वर येईल. आणि उद्याची भरती आजच्यापेक्षा जवळजवळ 50 मिनिटं उशिरा, म्हणजे नेमकी आवरायच्या वेळी.” मी टेबलाखालचे खोके उचलून फळीवर ठेवले. पाणी आपल्यापासून आठ-दहा पावलांवर थांबलं, पण वाळूवरच राहिलेल्या एका खोक्याचा तळ नुसत्या दमटपणाने मऊ पडला होता. खाऱ्या हवेत पितळ काळवंडतं, म्हणून रोज रात्री कानातले कोरड्या कापडाने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची सवयही तुमच्यामुळेच लागली.

विक्रीचं म्हणाल तर तुमचा एकच सल्ला कामी आला. “नुसती बसू नकोस, काम करत बस.” मी तार वळायला घेतली आणि लोक थांबायला लागले. लहान मुलं आधी थांबतात, मग त्यांचे आईवडील. एका बाईंनी “हे तर घरीही करता येईल” म्हटलं तेव्हा मी गप्प झाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, “करा की. एक जोडी करायला हिला दीड तास लागतो.” बाईंनी दोन जोड्या घेतल्या. त्या रात्री तुम्ही प्रत्येक वस्तूला लागलेले तास माझ्याकडून कागदावर लिहून घेतलेत. माझ्या वेळेलाही किंमत असते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तो कागद मी कामाच्या टेबलासमोर लावलाय.

मावशी, तुमची दोन मडकी चुकून माझ्या खोक्यांतून घरी आली. एकात ब्रश ठेवलेत. दुसऱ्यातली वाळू अजून तशीच आहे. भेटलात की दोन्ही परत करीन, आणि वाचलेल्या आठांपैकी तुम्हाला आवडलेलं ते होड्यांचं चित्रही देईन. ते मी विकलेलं नाही.

तुमच्या डावीकडच्या स्टॉलवरची,
चित्रवाली