भुऱ्याचं ऑपरेशन

प्रिय सुभ्या,

फोन केला असता तर आवाज फुटला नसता, म्हणून पत्र. माझी शुगर बरी, मायचे गुडघे तसेच.

आमचा कुत्रा भुऱ्या केळीच्या ट्रॅक्टरखाली आला. उजव्या मांडीचं हाड मोडलं. आज जळगावला प्लेट टाकली, आत्ता दवाखान्याच्या ओट्यावर त्याच्याशेजारी बसून लिहितोय.

डॉक्टरीणबाईंनी भूल दिल्यावर कमरेवरचे केस भादरले, त्याला पोटावर निजवून मागचे पाय पुढे ओढले. कमरेचा सातवा मणका नि त्रिकास्थी यांच्यामधला खळगा बोटाने चाचपून तिथे सुई. सुईच्या बाहेरच्या तोंडाशी सलाइनचा थेंब. सुई जागी पोचली तसा तो आत ओढला गेला, मी काचेतून पाहिलं. तुझ्या हर्नियाला पाठीत दिलं ते स्पायनल नाही, हे एपिड्युरल. हे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर राहतं, म्हणे. यामुळे वरची भूलही कमी लागते. माय म्हणे, "कुत्राना कंबरमा सुई? तुले याड लागनं का?"

आता ऐक. मोडला उजवा पाय, पण डावाही ओल्या फडक्यासारखा लोळतोय. शेपूटसुद्धा मेलेली. बाई म्हणाल्या, सुईतलं बधिर करणारं ब्युपिव्हॅकेन उतरायला चार ते सहा तास, दुखणं मारणाऱ्या मॉर्फिनचा असर बारा ते चोवीस तास. सहा तास केव्हाच टळले. मघाशी डाव्या पंजाला गुदगुल्या केल्या तर बोटं जराशी आखडली. की मलाच तसं वाटलं? मॉर्फिनने लघवी तुंबू शकते, म्हणून बाईंनी संध्याकाळी मूत्राशय दाबून रिकामं केलं. सकाळपर्यंत आपणहून झाली नाही तर कॅथेटर. कुत्र्याच्या मुताची इतकी वाट आयुष्यात पाहिली नव्हती रे.

पण खरी भीती निराळीच. हा ओरडत नाही. डोळे उघडे, श्वास संथ, कण्हणंसुद्धा नाही. आपल्या जुन्या कुत्र्याच्या, काळ्याच्या त्या रात्री आपण कामट्या बांधून बसलो होतो, तेव्हा तो ओरडतोय तोवर आहे, एवढं तरी कळत होतं. ओरडणं थांबल्यावर काय झालं ते तुला ठाऊक आहे. आज बाई हसून म्हणतात, "दुखत नाहीये त्याला, म्हणून गप्प आहे." डोक्याला पटतं. तरी दर थोड्या वेळाने माझा हात त्याच्या बरगड्यांवर जातोच. हे घरी कुणाला सांगू?

आणि हो, त्या रात्री सायकलवर घालून धुळ्याला नेऊ म्हणणारा मी होतो, "सकाळी बघू" तू. ते भांडण अजून मिटलेलं नाही, समज.

बदलीचं काय झालं? ताईच्या लग्नाची तारीख कळव. भरताची वांगी पाठवतो.

तुझा,
दिल्या

ता. क. झाली. तुझ्या सत्काराच्या शालीवर.