‘तांत्रिक कारण’ म्हणजे काय ते प्रवाशांना सांगा

महोदय,

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले. जमिनीवरचे धरून २६० माणसे गेली. त्या दिवसापासून माझी पत्नी विमानाचे नाव काढू देत नव्हती. पण मुलगी बंगळुरूला, तिचे बाळंतपण जवळ आलेले. ऑक्टोबरात नागपूरहून निघालोच.

सगळे बसले, दार लागले आणि दहा मिनिटांत पुन्हा उघडले. “तांत्रिक कारणामुळे विलंब होत आहे,” एवढीच घोषणा झाली. पुढचा पाऊण तास कोणी काही बोलले नाही. खिडकीतून दिसत होते ते असे : इंजिनाचे झाकण उघडलेले, शिडीवर एक इंजिनिअर, दातांत टॉर्च धरून दोन्ही हात आत घातलेले. पत्नीने माझे मनगट इतके घट्ट धरले की तिच्या बांगड्यांचे वळ उठले.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षे काढली. मला त्या टॉर्चने धीर आला. दोष कोणाच्या तरी नजरेस पडला आणि त्याने गाडी अडवली, याहून चांगली बातमी प्रवाशाला कोणती? लायसन्स असलेल्या इंजिनिअरची सही झाल्याशिवाय दुरुस्त केलेले विमान उडत नाही, हे मी पत्नीला सांगत होतो. पण नेमके काय बिघडले हे मलाच ठाऊक नव्हते. हवाईसुंदरीला विचारले, तर “बसून घ्या” असे उत्तर आले.

परतीच्या विमानातही उशीर झाला. तिथे वैमानिक स्वतः हिंदीत बोलले : एक सेन्सर चुकीचा आकडा दाखवतोय, तो बदललाय, चाचणी चालू आहे, मग कागदावर सह्या होतील, वीस मिनिटे लागतील. पत्नीने पिशवीतून दशम्या काढल्या आणि शेजारच्या बाईंनाही दिल्या. भीती तीच होती, पण आता काय चालले आहे ते तिला कळत होते.

ही भीती खुळेपणाची नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवले म्हणून ते वाचले. काच आदल्याच दिवशी पहाटे बसवली होती. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक बारीक निघाले. रात्रपाळीत जुना बोल्ट हातात धरून नवा नजरेने जुळवला होता, पार्ट नंबरचे पुस्तक उघडलेच नव्हते. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ‘बसतोय ना, मग झालं’ हे वाक्य मी रात्रपाळीत कितीदा ऐकले आहे!

आणि १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचे छत उडण्याआधी, आत शिरताना एका प्रवासी बाईंना पत्र्यावर तडा दिसला होता. त्या कोणालाच बोलल्या नाहीत. त्या अपघातात एका हवाईसुंदरीचा जीव गेला. म्हणून विचारणाऱ्या प्रवाशाला गप्प बसवू नये, असे मला कळकळीने वाटते.

विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेने विमान कंपन्यांना एक साधा नियम घालून द्यावा. विमान अडले की दोष काय, तो दुरुस्त केला की नियमानुसार ठरावीक मुदतीसाठी पुढे ढकलला, आणि सही झाली का, हे तीन-चार वाक्यांत, हिंदीत आणि त्या भागाच्या भाषेत सांगावे. याला पैसा लागत नाही. डीजीसीएतली जवळपास निम्मी पदे रिकामी असल्याचे संसदेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्येच निदर्शनास आणले आहे. ती भरायला मात्र पैसा लागेल आणि तो खर्च व्हायलाच हवा. तपासणारी माणसेच नसतील तर वैमानिक घोषणा तरी कशाच्या जोरावर करणार?

येत्या उन्हाळ्यात नातीचे उष्टावण आहे. विमानाची तिकिटे काढली आहेत, पत्नीने स्वतः सांगून.

— एक निवृत्त एसटी कर्मचारी, नागपूर