विषयनिवडीच्या फॉर्मवरच्या खालच्या दोन ओळी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं, सोबत तुमच्या लेकीच्या शाळेची विषयपुस्तिकाही. काल रात्री पेन्सिल हातात घेऊन ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तू एका ओळीत विचारलंयस, "नववीत चालली आहे, यातलं काय घ्यावं?" त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही, म्हणून आज सुट्टीची सकाळ धरून बसलोय. वाचून झालं की वहिनींना दे, आणि त्याआधी लेकीला दे. वर्ष तिचं जायचं आहे.

एवढे पर्याय बघून गरगरायला झालं असं तू लिहिलंस. साहजिक आहे. आपल्या वेळी निवडायला होतंच काय? आठवड्यातून एकदा सुतारकामाचा तास होता, तोही दहावीत बंद झाला आणि त्या जागी गणिताची उजळणी बसली. तुझी अर्धवट राहिलेली पेटी तू घरी नेऊन पुरी केलीस, सांधे पुन्हा पुन्हा तासत. तुझ्या हाताला तेव्हा जे वळण लागत होतं ते कुणी विचारात घेतलं नाही याची खंत मला अजून आहे. इतकी वर्षं मी मुलांचे विषयनिवडीचे फॉर्म तपासतो आहे, पण ते काम मला कधी कारकुनी वाटलं नाही, त्यामागे ती पेटीही आहे.

आधी पुस्तिकेबद्दल. ती विस्कळीत वाटते, कारण ती एका हाताने लिहिलेली नाही. अमेरिकन पद्धतीच्या शाळेची पुस्तिका म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत एकावर एक चढलेले थर असतात. तुला खटकलेली ती 'क्रेडिट'ची, म्हणजे पुरा केलेला विषय श्रेयांकात मोजायची भाषा १९०६ सालची. वेगवेगळ्या शाळांतलं शिक्षण कॉलेजांना एका मापाने मोजता यावं म्हणून अमेरिकेतल्या कार्नेगी प्रतिष्ठानाने ठरवलं, की एक विषय वर्षभरात १२० तास शिक्षकासमोर शिकला की एक युनिट धरायचं. आज प्रत्येक शाळेचा हिशोब थोडा निराळा असतो, पण पाया तोच, बाकावर बसलेल्या तासांचा. मागच्या पानांवर वेगळा काढलेला व्यवसाय शिक्षणाचा विभाग १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याचा वंशज आहे. शेती, कारागिरी आणि गृहशास्त्र शिकवायला त्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पैसा आणला. आणि प्रगत विज्ञान, परकीय भाषा, शिवाय ज्यांच्या सहीशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही ते समुपदेशक, या सगळ्याला जोर आला तो स्पुटनिकमुळे. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने उपग्रह सोडला आणि १९५८ मध्ये अमेरिकेने गणित, विज्ञान, भाषा आणि शाळेतलं समुपदेशन यांच्यासाठी कायदा करून पैसा ओतला.

हे सांगायचं कारण असं, की पुस्तिकेतली विभागणी कुणाच्या बुद्धीची प्रतवारी नाही. पुढच्या पानांवर हुशारांचे विषय आणि मागच्या पानांवर उरलेल्यांचे, असं पालक सर्रास वाचतात, आणि मुलंही तेच वाचायला शिकतात. हार्वर्डमध्ये ऐच्छिक विषयांची पद्धत रुजवणारे चार्ल्स एलियट १८९३ मध्ये एका समितीचे अध्यक्ष होते. त्या समितीने शाळांना बजावलं होतं, की विद्यार्थी पुढे कॉलेजात जाणार असो वा नसो, जो विषय शिकवाल तो सगळ्यांना सारखाच शिकवा. तुमच्या पुस्तिकेत लाकूडकामाचा विषय एकोणसाठाव्या पानावर आहे. त्याचं वर्णन मी दोनदा वाचलं. मोजमाप, आराखडा, लाकडाच्या रेषा ओळखणं, शेवटी स्वतः आखलेली एक वस्तू. यातलं हलकं काय आहे?

आता लेकीने काय बघावं ते सांगतो. विषयाचं नाव वाचून थांबू नये. त्या विषयाचा एक साधा मंगळवार कसा जातो ते शोधून काढावं. 'रोबोटिक्स' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर चालणारं यंत्र येतं. प्रत्यक्षात बरेच आठवडे तारा जोडणं, सैल झालेला स्क्रू शोधणं आणि आज्ञावलीतली एक चूक तीन दिवस हुडकणं चालतं. ज्याला हे हुडकणं आवडतं तो तिथे रमतो, ज्याला नुसतं यंत्र हवं असतं तो दुसऱ्या महिन्यात कोमेजतो. 'पत्रकारिता' म्हणजे अनोळखी माणसाला जाऊन प्रश्न विचारणं, आणि आपण लिहिलेल्यातलं निम्मं दुसऱ्याने कापलेलं सहन करणं. मातीकामात भांडं भट्टीत तडकतं, मग पुन्हा चाकावर बसावं लागतं. म्हणून तिला सांग, तो विषय आत्ता घेतलेल्या एखाद्या वरच्या वर्गातल्या मुलीला गाठ आणि विचार, "गेल्या आठवड्यात तासाला नेमकं काय केलंत?" शिक्षक वर्षाचा आराखडा देतील, तोही बघावाच, पण आठवडा मुलंच सांगतात.

संख्याशास्त्राचं एक उदाहरण सांगतो, कारण त्या विषयाकडे पालक 'कॅल्क्युलस न झेपणाऱ्यांचा' म्हणून बघतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. आमच्याकडे एका मुलीने तो घेतला. प्रकल्प म्हणून तिने मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापुढे कोण किती वेळ थांबतं ते घड्याळ लावून महिनाभर नोंदवलं. लहान वर्गांना मोठी मुलं ढकलतात म्हणून लहानांचा वेळ जास्त जातो, अशी तिची पक्की खात्री होती. आकडे निराळंच बोलले. वेळ जात होता तो एका नळाची धार बारीक होती म्हणून. आपली खात्री आपल्याच वहीत मोडताना तिने पाहिली. मुख्याध्यापकांकडे ती तक्रार घेऊन गेली नाही, तक्ता घेऊन गेली. पुढे वैद्यक, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी काहीही शिको, हे तिला रोज लागणार आहे.

मात्र गणिताच्या बाबतीत एक गोष्ट आत्ताच लक्षात घे, कारण हे उशिरा कळलं तर हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. हा विषय जिन्यासारखा आहे, पायरी गाळता येत नाही. बीजगणित, भूमिती, दुसरं बीजगणित, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस अशी पाच वर्षं लागतात. शाळा नववी ते बारावी म्हणजे चारच वर्षांची. तेव्हा बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर पहिलं बीजगणित आठवीतच झालेलं असावं लागतं, नाहीतर मध्ये कुठेतरी सुट्टीत किंवा एका वर्षात दोन पायऱ्या चढाव्या लागतात. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्राचा विचार तिच्या मनात असेल तर ती कुठल्या पायरीवर आहे ते याच आठवड्यात विचारून घे. तसा विचार नसेल तर या जिन्याची धास्ती घेऊ नका.

तू आयबी की एपी असंही विचारलंयस. दोन्ही तुमच्या शाळेत आहेत, पण तो निर्णय अकरावीच्या तोंडावरचा, म्हणून थोडक्यात लिहितो. एपी, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, हे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे सुटे विषय. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५० च्या दशकापासून ते चालवते. एक घ्या, तीन घ्या, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. वर्षाअखेर मे महिन्यात परीक्षा, गुण १ ते ५. वरचे गुण मिळाले तर बरीच कॉलेजं पहिल्या वर्षाचा तो विषय माफ करतात, पण कुठलं कॉलेज किती गुणांवर काय देतं ते प्रत्येकाचं वेगळं.

आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, डिप्लोमा हा मात्र अख्खा घास आहे. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या संस्थेचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. सहा विषय, त्यांतले निदान तीन वरच्या पातळीवर. त्यांना प्रत्येकी २४० तास, बाकीच्यांना १५०. प्रत्येक विषयाला ७ गुण म्हणजे ४२, आणि गाभ्याचे ३ मिळून ४५. गाभा म्हणजे ४,००० शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध, 'ज्ञानमीमांसा' हा विषय, आणि कला-खेळ-सेवा यांचं काम. त्या कामाला गुण नाहीत, पण ते पुरं केल्याशिवाय डिप्लोमाही नाही. मला स्वतःला त्यातला तो मोठा निबंध फार मोलाचा वाटतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःचा प्रश्न शोधून महिनोन् महिने त्याच्यामागे राहणं ही शाळेत दुर्मीळ गोष्ट आहे. पण ज्या मुलीला एकाच गोष्टीत बुडून जायचं आहे, दिवसाचे चार तास चित्रांना किंवा वाद्याला द्यायचे आहेत, तिला सहा विषयांची ही मोट जड जाते. तशा मुलीला एपीचे दोन विषय आणि उरलेला वेळ मोकळा, हे जास्त मानवतं.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी अकरावीतला एक मुलगा पाच एपी विषयांचा फॉर्म घेऊन आला. बऱ्याच शाळांत एपीच्या विषयाला सरासरी काढताना जादा वजन देतात, साध्या विषयातल्या 'ए'ला ४ तर इथे ५. त्याने सगळं गणित मांडून आणलं होतं. पाचवा विषय बसवायला तो नाटकाचा विषय सोडत होता. सातवीपासून तो नाटकात होता, प्रकाशयोजना त्याच्याकडे असायची. मी विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "नक्की." मी सही केली. मे महिन्यात दोन आठवड्यांत पाच परीक्षा आल्या आणि तो त्यातून निभावलाही. पण त्या वर्षीच्या प्रयोगाला तो प्रेक्षागृहात मागच्या रांगेत बसून वरच्या दिव्यांकडे बघत होता, ते मी पाहिलं. मी त्याला आणखी एकच प्रश्न विचारायला हवा होता, "हा पाचवा विषय सरासरीत मोजला जात नसता तर घेतला असतास का?" आता समोर बसलेल्या प्रत्येक मुलाला तो प्रश्न मी विचारतो. तू लेकीला विचार, आणि तिने उत्तर दिल्यावर त्यावर वाद घालू नकोस.

आता पुस्तिकेत कुठेच न छापलेली गोष्ट, वेळापत्रकाची. पालकांना वाटतं की पुस्तिकेत आहे म्हणजे विषय मिळणार. तसं नसतं. मुलांचे फॉर्म आले की आम्ही मागण्या मोजतो. पुरेशी मुलं नसतील तर तो विषय त्या वर्षी भरतच नाही. भरला तरी इंग्रजीच्या सात-आठ तुकड्या असतात, तशा मातीकामाच्या नसतात, एकच असते. वाद्यवृंदाची एक, प्रगत भौतिकशास्त्राची एक. अशा दोन एकेरी तुकड्या एकाच तासाला पडल्या की त्यांतला एकच मिळतो, मग मुलगी कितीही गुणी असो. आम्ही टकरा कमी व्हाव्यात म्हणून वेळापत्रक पुन्हा पुन्हा मांडतो. फॉर्मवरच्या मागण्या बघूनच हे जुळवतात, म्हणून मुलीने मनातलं खरं लिहिलेलं आमच्याही कामाचं असतं. "हा विषय मिळणारच नाही" असं समजून मुलं तो लिहीतच नाहीत, मागणी कमी दिसते, आणि विषय खरोखरच रद्द होतो. हे मी डोळ्यांदेखत होताना पाहिलंय. तिला हवे असलेले कुठले विषय एकाच तुकडीचे आहेत ते शाळेत आधीच विचार, आणि असे दोन विषय असतील तर कुठला आधी हवा ते तिला ठरवू दे. दुसरा पुढच्या वर्षीसाठी राखता येतो. नववीतच सगळं उरकायची घाई नाही.

तिच्यासाठी तू काय सुचवलंस ते वाचलं. संगणक, आणखी संगणक आणि भाषणकला. तिच्या पत्रात, म्हणजे तू पाकिटात घातलेल्या तिच्या त्या चिठ्ठीत, दोनदा पक्षी आले आहेत आणि एकदा नकाशे. पुस्तिकेच्या चौतिसाव्या पानावर पर्यावरणशास्त्राचा विषय आहे, त्यात मैदानी नोंदींचं काम आहे, आणि त्याच्याच पुढच्या पानावर संगणकावर नकाशे करण्याचा विषय. तुझ्या संगणकालाही तिथे जागा आहे. तुम्ही दोघांनी ती पानं एकत्र वाचावीत असं मला फार वाटतं.

शेवटचं, फॉर्मबद्दल. पहिल्या पसंतीच्या ओळी सगळे विचार करून भरतात. खाली 'पर्यायी विषय' म्हणून दोन ओळी असतात, त्या मात्र शाळा सुटायच्या आधी पाच मिनिटांत, मैत्रिणीच्या फॉर्मवर बघून भरल्या जातात. टक्कर झाली की आम्ही आधी त्याच ओळी उघडतो, आणि मग मूल तिथे वर्ष काढतं. तेव्हा त्या दोन ओळी तिने वरच्यांइतक्याच मनापासून भराव्यात. फॉर्म दिल्यावर साधारणपणे वर्षाच्या सुरुवातीला थोडे दिवस विषय बदलता येतो, पण तोवर चांगल्या तुकड्या भरलेल्या असतात.

फॉर्म भरून झाला की सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव, खालच्या दोन ओळींसकट. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. आणि तिला विचार, पक्षी ती वहीत काढते की नुसते लिहून ठेवते? मला ठाऊक करून घ्यायचंय.

तुझाच,
जुना बाकसोबती