ताकद राखून लढताना

कोल्हापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मैदानं मारायचं कधीच थांबलं, मग अजून पहाटे तालमीत कशाला जातोस, असं तू परवा विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

आपण नवे होतो तेव्हा वस्ताद आपल्याला थोरल्या पैलवानांशी लढत करायला लावायचे, आठवतंय? शंभर किलोचा गडी तो, मनात आणलं तर क्षणात चितपट करेल. पण तो पायाला धरून पट काढू द्यायचा, पाय उचलू द्यायचा, आणि आपण जिंकलो असं वाटतंय तोवर अलगद सुटायचा. तेव्हा याचा राग यायचा. आता माझ्यासमोर बारकी पोरं उभी राहतात, तेव्हा त्या थोरल्यांनी काय केलं ते कळतं. इतक्या वर्षांच्या जोर-बैठकांनी कमावलेलं अंग डाव दिसला की आपोआप धावतं. त्याला तिथंच आवरायचं, आणि तरीही पोराला लढत खरी वाटली पाहिजे! मला तरी ढाक आणि कलाजंग हे डाव शिकण्यापेक्षा हे अवघड गेलं.

हे तालमीपुरतं राहिलं नाही. अर्धांगवायू झाल्यापासून वडिलांना अंथरुणातून मीच उठवतो. काखेत हात घालून उचलताना त्यांना दुखत नाही, ते निर्धास्त अंग सोडून देतात. किती जोर लावायचा, कुठं सैल सोडायचं, हे हातांना माहीत आहे. ते त्या लाल मातीत शिकलो.

खाशाबा जाधवांची गोष्ट मी पोरांना सांगतो, पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकाशी थांबत नाही. गोळेश्वरच्या त्या पैलवानाला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, लोकांनी वर्गणी काढली, हेही सांगतो. थोरल्यांनी आपलं बळ धाकट्याच्या पाठीशी उभं करायचं, ही कोल्हापूरची रीत मला खासबाग मैदानातल्या कुठल्याही गाजलेल्या कुस्तीपेक्षा मोठी वाटते.

तालमीतल्या मातीचा हौदा अजून आम्हीच उकरतो. ताक, लिंबू, हळद, तेल घालून माती मळतो. पोरं कुरकुरत नाहीत.

आता कामाचं. आमच्याकडं एक पोरगा आहे, हलक्या वजनाचा. एकेरी पट असा काढतो की समोरच्याला कळतच नाही. मातीत तो दम धरून लढतो, पण मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब, तिथं तो बावरतो. तू पुण्यात रोज मॅटवर पोरं घडवतोस, तुझी नजर मला हवी आहे. पुढच्या रविवारी त्याला घेऊन येतो. दोन लढती बघ आणि त्याला तिकडं ठेवावं का, ते मला स्पष्ट सांग. राहण्या-खुराकाचा खर्च मी बघतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
तालमीतला जोडीदार