फोड दिसत नाहीत म्हणून लागण नाही, असे नव्हे

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत हर्पिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराविषयी ‘फोड असताना संबंध टाळावेत’ एवढेच छापून आले. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. जे सांगायचे राहिले त्यापायी संसार मोडायच्या बेताला आलेले मी पाहते. मी सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, समुपदेशक आहे.

मध्यंतरी एक जोडपे आले. लग्नाला बरीच वर्षे झालेली. बायकोला पहिल्यांदाच खाली पाण्याचे फोड आले होते, लघवी करतानाही आग होत होती. नवरा खुर्चीवर बसायला तयार नव्हता. ‘मला काही नाही, मग हिने आणलं कुठून?’ हाच त्याचा हेका. ती केसपेपरची गुंडाळी करत खाली बघत होती. सासू दाराशी उभी राहून ऐकत होती.

हर्पिसचा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठींत कायमचा राहतो आणि अधूनमधून त्वचेवर येतो. दरवेळी फोड येतातच असे नाही. काहीही दिसत नसताना, खाजही नसताना तो जोडीदाराकडे जाऊ शकतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांना कधीच त्रास झाला नव्हता अशा बाधितांच्या रोजच्या नमुन्यांतही साधारण दहापैकी एका दिवशी विषाणू सापडला. म्हणजे हा नवरा स्वतःच बाधित असू शकतो आणि त्याला पत्ताही नसेल. बायकोची लागणही जुनी, लग्नाआधीची असू शकते. पहिला फोड वर्षांनंतरही उठतो. ओठांवर हर्पिसचे फोड (ज्याला ‘जर’ म्हणतात) उठणाऱ्याकडून मुखमैथुनातूनही हा आजार खाली जातो.

पुढच्या खेपेला नवरा खासगी लॅबमधला रक्ताचा रिपोर्ट घेऊन आला, जणू निकालपत्रच. आयजीजी या रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीतून लागण झाली आहे एवढे कळते. कधी झाली आणि कोणाकडून, हे त्यात लिहिलेले नसते. आयजीएम या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या तपासणीवरून तर लागण नवी की जुनी हेही ठरवता येत नाही. तरी लोक पैसे मोजून ती करून घेतात आणि कागद बायकोपुढे आपटतात, याचा मला संताप येतो.

आमच्याकडे लाल रंगाच्या किटमध्ये असायक्लोव्हिरच्या गोळ्या मोफत मिळतात. त्याने फोड लवकर बसतात, विषाणू जात नाही. कंडोमने धोका बराच कमी होतो, पण झाकली न जाणारी त्वचा उरतेच. वारंवार त्रास होणाऱ्यांनी रोजच्या गोळीविषयी डॉक्टरांना विचारावे. २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात रोज व्हॅलासायक्लोव्हिर हे असायक्लोव्हिरच्याच जातीचे औषध घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण जवळपास निम्म्यावर आली होती.

पुढच्या लेखात गरोदर बायकांचे जरूर लिहा. नवऱ्याला हर्पिस आहे आणि बायकोला नाही, अशा घरात शेवटच्या तीन महिन्यांत, फोड असोत वा नसोत, संबंध टाळावेत. त्या काळात आईला नव्याने लागण झाली तर बाळंतपणात ती बाळाला होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि तान्ह्या बाळाच्या ती जिवावर बेतू शकते.

– एक समुपदेशक, सातारा